पुराच्या गाळानंतर बोटीच्या इंजिनाची पाण्याची धार बारीक झाली आहे

प्रश्न – करवीर तालुका
पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की आमच्या वस्तीला आमच्या रबरी बोटीचाच आधार असतो. तिला २५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे. गेल्या पुरात ती बुडालेल्या उसाच्या फडांवरून, पाला आणि केंदाळ यांतून चालवावी लागली व परतल्यावर घाईत न धुताच शेडमध्ये ठेवली गेली. आता पाण्याच्या पिंपात इंजिन चालवले, तर पूर्वी पेन्सिलीएवढी पडणारी धार सुतळीएवढीच पडते आणि पाच मिनिटांत इंजिनाच्या माथ्यावर हात ठेववत नाही. धारेच्या छिद्रात तार घालून पाहिली, पण उपयोग झाला नाही. एकाने ॲसिड सोडण्यास सांगितले आहे. ते करावे का?

उत्तर – उद्यमनगर
इंजिन पुन्हा सुरू करू नका. धारेचे छिद्र हे केवळ इंजिन थंड ठेवण्यासाठी फिरणाऱ्या पाण्याची साक्ष देणारे टोक असते. ते एकटेच तुंबले असते तर धार बारीक झाली असती, पण इंजिन तापले नसते. म्हणून शोध खालून सुरू करावा. पंख्याच्या वरच्या बाजूस, गिअरच्या पेटीवर पाणी आत घेणाऱ्या जाळ्या असतात. तेथे पाल्याचे तंतू बसलेले दिसतील. त्या साफ करून गिअरची पेटी उतरवावी. मात्र काही इंजिनांत गिअरची दांडी आधी सोडवावी लागते, हे विसरू नये. पंपाचे झाकण काढल्यावर रबरी इंपेलर, म्हणजे पाणी वर ढकलणारे पाकळ्यांचे चाक, हाती येईल. त्याच्या पाकळ्या एकेक मोजा. एखादी तुटलेली असेल, तर नवा इंपेलर बसवून काम संपत नाही, कारण तुटलेला तुकडा पाण्याबरोबर वर गेलेला असतो आणि तो सापडेपर्यंत दुरुस्ती अपुरीच राहते.

नवा इंपेलर साबणाच्या पाण्याने ओला करून, शाफ्ट नेहमीच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवत झाकणात बसवावा, म्हणजे सर्व पाकळ्या योग्य बाजूला वाकतात.

उत्तर – शिरोळ
ॲसिड मुळीच नको. इंजिनाचा ठोकळा ॲल्युमिनियमचा असून ॲसिड तो खाते, आणि आपला अडथळा क्षारांचा नसून मातीचा आहे. आपली काळी माती ओली असताना फुगते व वाळली की आवळून दगडासारखी होते. मीही एकदा बोट तशीच ठेवून हे भोगले आहे. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून ठेवावा, पाण्याच्या मार्गात कोमट पाणी भरून रात्रभर माती भिजू द्यावी आणि सकाळी बागेच्या नळीने, कमी दाबाने, नितळ पाणी येईपर्यंत धुवावे. जोराच्या दाबाने चिखलाचा गोळा आणखी आत अडकतो.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचेही आभार. इंपेलरच्या दोन पाकळ्यांची टोके नव्हती. एक तुकडा पंपावरच्या तांब्याच्या नळीत मिळाला, दुसरा थर्मोस्टॅटखाली चिखलात रुतून बसला होता. मात्र थर्मोस्टॅट अजून चालतो की नाही, हे कसे ओळखावे?

उत्तर – उद्यमनगर
त्याच्या झडपेत दोरा अडकवून तो पातेल्यातील पाण्यात, तळाला टेकणार नाही असा लटकवा आणि पाणी हळूहळू तापवा. झडप उघडली की थर्मोस्टॅट दोऱ्यावरून सुटून खाली पडेल. पुस्तिकेत दिलेल्या तापमानाच्या आसपास तो सुटला तर ठीक. पाणी उकळले तरी लटकतच राहिला तर बदला. जोडताना गॅस्केट, म्हणजे सांध्यातील पातळ पट्टी, नवेच घाला. त्यानंतर पिंपात जाळ्या पूर्ण बुडवूनच इंजिन सुरू करा, कारण कोरड्यात चालवल्यास नवा इंपेलर काही क्षणांत करपतो. पुढच्या पुरात बोट काठाला लागली की चिखल वाळण्याआधी, त्याच संध्याकाळी, इंजिनातून दहा-पंधरा मिनिटे स्वच्छ पाणी फिरवा.