मन्या जिन्यात पडलाय

सुलभाकाकू: अनघा, तुझा मन्या गच्चीच्या जिन्यात भर उन्हात पडलाय. कुत्र्यासारखी धाप टाकतोय. हाक मारली तर कानही हलवला नाही.

अनघा: अगं बाई! काकू, मी ऑफिसात आहे, निघतेच. कोणी त्याला सावलीत घ्या ना. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं की थांबायचं नसतं.

रोहन: मी घरीच आहे ताई, जातो.

रोहन: आणला आमच्याकडे. मागच्या टाचा टेकवून चालतोय, पाय भाजले का?

अनघा: ते जुनं आहे, डायबेटिसने नसांवर परिणाम झालाय. पंखा लाव आणि पंजे, कान, पोट साध्या पाण्याने ओलं कर. बर्फ नको. पाणी समोर ठेव, तोंडात ओतू नकोस.

नाना: मधुमेहच ना? माझ्याकडे इन्शुलिनचं पेन आहे. चार युनिट टोचू?

अनघा: नाना, नको!!! त्याला सकाळ-संध्याकाळ दोन-दोन युनिटच असतं, तेही वेगळं. साखर बघितल्याशिवाय काहीही टोचायचं नाही. कमी असेल तर जिवावर बेतेल.

नाना: बरं बाई. मी आपलं विचारलं.

अनघा: आत्ता दवाखान्यातून आलो. ताप ४०.३ होता, मांजराचा एरवी ३८-३९ असतो. सलाइन लावलं. साखर ४१२, पण कीटोन (इन्शुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) नाहीत, एवढं नशीब. रोहन, तू नसतास तर काय झालं असतं कोण जाणे.

स्मिता: म्हणजे डायबेटिसवाल्या मांजरांना ऊन चालतच नाही का? आमची चिंगी दिवसभर खिडकीत लोळते.

अनघा: ऊन थेट वैरी नाही गं. साखर वाढली की लघवी खूप होते आणि अंगातलं पाणी जातं. मांजराला घाम म्हणावा तर तळपायांना, तोही नावापुरता. त्यात हा म्हातारा नि गुबगुबीत. आठवडाभर मातीच्या ट्रेमध्ये लघवीचे गोळे दुप्पट होते, कुंडीखालच्या बशीतलं पाणीही चाटत होता. मला वाटलं, उकाडा आहे म्हणून.

स्मिता: पण इन्शुलिन चालू होतं ना?

अनघा: तेच तर. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, बाटली कुठे ठेवता? गेल्या रविवारी फ्रिज धुतला तेव्हा मीच ती खिडकीत ठेवली होती. दुपारभर उन्हात राहिली. संध्याकाळी मुकाट्याने परत आत टाकली. दिसायला तशीच होती, म्हणून शंकाही आली नाही. इन्शुलिन तापलं की त्यातला दम जातो, मग दोन युनिट टोचून उपयोग काय? आज नवी बाटली आणली. फ्रिजच्या आतल्या कप्प्यात ठेवलीय, फ्रीझरपासून लांब.

सुलभाकाकू: आता खातोय का?

अनघा: थोडंसं. ओलं खाणं अजून पाणी घालून दिलंय. उन्हाळ्यात खाणं कमी झालं तर नेहमीचा डोस आपल्या मनाने द्यायचा नाही, आधी फोन करायचा, असं बजावलंय. पोट रिकामं आणि डोस पूर्ण, म्हणजे साखर धाडकन खाली. मग लडखडणं, झटके.

नाना: अनघा, माझं पेन टीव्हीशेजारच्या खिडकीत असतं. हलवलं आत्ता.

रोहन: ताई, आमचा टॉवेल तुमच्याकडे राहिलाय. घाई नाही, पण आई विचारतेय, केस निघतील ना?