मदत हवी आहे: ५ व्होल्टच्या ट्रेनर किटला स्वस्त एफपीजीए बोर्ड कसा जोडावा?

नमस्कार मंडळी,

सांगलीजवळच्या एका डिप्लोमा कॉलेजात मी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मुलं ब्रेडबोर्डवर ७४०० मालिकेतल्या आयसी लावून अ‍ॅडर, काउंटर करतात. आठ बिटांचा काउंटर घेतला की प्रॅक्टिकलचा निम्मा वेळ लूज वायर शोधण्यात जातो. व्हेरिलॉग (सर्किटचं वर्णन कोडमध्ये लिहायची भाषा) शिकवतो, पण सिम्युलेशनपर्यंतच. तासगाव, कवठेमहांकाळहून एसटीनं येणाऱ्या बऱ्याच मुलांकडे घरी लॅपटॉप नाही, त्यामुळे जे काही करून बघायचं ते लॅबमध्येच. आपण लिहिलेल्या कोडवर खरा एलईडी लागलेला त्यांनी बघावा, असं मला फार वाटतं. म्हणून एफपीजीए, म्हणजे कोड लिहून आतलं सर्किट हवं तसं बदलता येणारी चिप, असलेला बोर्ड घ्यायचा विचार आहे.

लॅबचे पीसी ४ जीबी रॅमचे, तेव्हा विवाडोसारख्या जड एफपीजीए सॉफ्टवेअरचं नाव नको. आइस४० यूपी५के (५,२८० एलयूटी, म्हणजे लॉजिकचे छोटे ब्लॉक) आणि टँग नॅनो ९के (८,६४० एलयूटी) हे दोन बोर्ड बघितले. आइस४० ला योसिस, नेक्स्टपीएनआर ही मोफत साधनं चालतात हे माहीत आहे. माझा कल टँग नॅनोकडे आहे, पण त्याच्या गोविन कंपनीच्या चिपसाठी एपिक्युला या मोफत साधनावर भागेल का?

त्याहून मोठा प्रश्न लॅबमधल्या ५ व्होल्टच्या ट्रेनर किटचा (स्विच, डिस्प्ले बसवलेला सरावाचा बोर्ड). स्विच ५ व्होल्ट देतात, डिस्प्लेला ७४एलएस४७ ही आकडे दाखवणारी आयसी आहे. किट टाकून द्यायची नाहीत. बोर्ड न जाळता कसं जोडू?

प्रतिसाद

मॅडम, काउंटर, स्टेट मशीन, यूएआर्टपर्यंत (सीरियल पद्धतीनं डेटा पाठवणं) एपिक्युला पुरतं. टँग नॅनोच घ्या, प्रोग्रामर बोर्डावरच आहे.

५ व्होल्ट पिनेला थेट कधीच देऊ नका. प्रत्येक स्विचच्या वायरीत १ किलोओहम, आणि पिनेपासून ग्राउंडला २ किलोओहम लावा; पिनेवर ३.३ व्होल्टच पोचतील. उलट दिशेला, म्हणजे बोर्डाकडून किटच्या डिस्प्लेकडे, काहीच लागत नाही, कारण एलएस आयसी २ व्होल्टच्या वर हाय धरते. ७४एचसी मालिकेतली आयसी असती तर ३.५ लागले असते आणि डिस्प्ले कधी चालला, कधी नाही असं झालं असतं. बोर्डावरच्या एलईडी-बटणांच्या पिना मात्र १.८ व्होल्टच्या आहेत, त्या किटला जोडू नका.

पहिला प्रयोग एलईडी सेकंदाला एकदा लुकलुकवण्याचा ठेवा. २७ मेगाहर्ट्झ मोजायला २५ बिटांचा काउंटर लागतो. ब्रेडबोर्डवर आठ बिटांना दमलेल्या मुलांना त्यातच एफपीजीएची ताकद कळेल. आणि डिझाइन फ्लॅशमध्ये लिहायला सांगा, नुसतं एसरॅममध्ये (चिपमधल्या तात्पुरत्या मेमरीत) टाकलं तर लाइट गेली की पुसलं जातं.