आत्या, ते बुकिंग थांबव

मी: आत्या, पुढच्या महिन्यासाठी तुम्ही जे हॉटेल बघितलंय ना, त्याचे पैसे भरण्याआधी माझं वाच. आम्ही आज सकाळी तिथूनच निघालो. नाव ग्रुपवर टाकत नाही, तुला वेगळं कळवलंय.

आत्या: अगं, फोटो किती छान होते! स्टेशनही जवळ. काय झालं?

मी: स्टेशन जवळ आहे, त्याबद्दल तक्रार नाही. फोटोही त्याच खोलीचे, भिंतीवरच्या चित्रावरून मी ताडून पाहिलं. पण ते कोपऱ्यात उभं राहून रुंद लेन्सने काढलेत. प्रत्यक्षात पलंग आणि भिंत यांच्यामधून तिरकं होऊन जावं लागत होतं, बाबांना गुडघ्यामुळे ते जमेना. खिडकी उघडली तर दोन हातांवर दुसऱ्या इमारतीची भिंत आणि खाली पाइपांचा डक्ट. उघडी ठेवली की कुबट वास, लावली की कोंदट. खोली बदलून मागितली. रिसेप्शनवर एकटा मुलगा, सकाळपासून ड्यूटीवर. म्हणाला, सगळ्या भरल्यात. त्याच्यावर आवाज चढवून काही उपयोग नव्हता, त्याच्या हातात काहीच नव्हतं. आई म्हणाली, एका रात्रीचाच प्रश्न आहे, राहू दे. आणि मी राहू दिलं. मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटतंय.

रात्री दोनला जाग आली तर आई खुर्चीवर बसलेली. मानेवर, दंडावर गांधी उठलेल्या. मोबाइलच्या उजेडात गादीची कड उचलली, शिवणीत काळे ठिपके आणि चालते ढेकूण. माझी झोप मोडू नये म्हणून ती दोन तास तशीच बसून होती.

काकू: अरे देवा. तुझ्या आईला आता कसं वाटतंय?

मी: डॉक्टरांनी मलम दिलंय. बाबांना अजून काही दिसत नाही.

वहिनी: बाबांकडे लक्ष ठेव. चावल्याच्या खुणा कधीकधी चौदा दिवसांनीही दिसतात. ढेकणांमुळे माणसाला रोग होतो असं आढळलेलं नाही, ती भीती नको. खरी काळजी बॅगांची आहे. घरात नेल्यास का?

मी: नाही, गॅलरीत आहेत.

वहिनी: छान केलंस. पलंगावर किंवा सोफ्यावर अजिबात ठेवू नकोस. कपडे थेट पिशवीत भरून तोंड बांध आणि मशीनला ६० अंशांवर धू. ड्रायर असेल तर कडक गरम हवेवर अर्धा तास. बॅगेच्या शिवणी, चेनच्या खाचा, चाकांच्या आतली बाजू, सगळं व्हॅक्यूम कर आणि आतली धूळ लगेच बाहेर टाक. पूर्ण वाढलेला ढेकूण ४-५ मिलिमीटरचा असतो, तो दिसतो. अंडं जेमतेम १ मिलिमीटर, पांढरट, ते नजरेतून सुटतं. आणि नुसतं बंद करून ठेवलं की मरतील असं समजू नकोस, रक्ताशिवाय ते कित्येक महिने जगतात.

काका: नळाचं पाणी कसं होतं?

मी: आधी तांबूस आलं, मग साफ. गरम पाणी मात्र शेवटपर्यंत कोमटच.

काका: मी आयुष्यभर पाण्याच्या लाइनींवर काम केलं, म्हणून विचारलं. बरेच दिवस बंद असलेल्या खोलीच्या पाइपात पाणी साचून राहतं. २० ते ४५ अंशांच्या मधल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे, फुप्फुसांचा गंभीर आजार करणारे जिवाणू वाढतात, म्हणून गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवतात. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात मेळाव्याला जमलेली माणसं या आजाराने दगावली, त्याच्या तपासातूनच हा जिवाणू पहिल्यांदा ओळखला गेला. तुमच्या बाबतीत तसंच झालंय असं मी म्हणत नाही. पण बाबांचं वय बघता आठ-दहा दिवसांत ताप, खोकला किंवा दम लागला तर डॉक्टरांना हॉटेलच्या मुक्कामाबद्दल आवर्जून सांगा. आणि यापुढे खोलीत गेलात की नळ आणि शॉवर काही मिनिटं वाहू द्या, तेवढा वेळ बाथरूमबाहेर थांबा. तुषार श्वासात जायला नकोत.

दादा: पैशांचं काय झालं? लेखी काही आहे का?

मी: रात्रीच गादीचे फोटो काढले, व्हिडिओ पण. सकाळी मालकाशी फोनवर बोलले. म्हणाला, बघतो.

दादा: फोनवरचं बोलणं उद्या कोणी मानत नाही. ज्या ॲपवरून बुकिंग केलंस, तिथेच तक्रार लिही, आजच. फोटो, खोली क्रमांक, किती वाजता कोणाला सांगितलं, सगळं. त्यांनी नाही म्हटलं तर कार्ड दिलेल्या बँकेकडे व्यवहारावर हरकत घेता येते, पण त्याला मुदत असते. मी आज संध्याकाळी येतो, मिळून लिहू.

आत्या: पण त्याला तीन तारे होते गं!

ताई: आत्या, ताऱ्यांचं जगभर एकच मोजमाप नाही. प्रत्येक देशाचे निकष वेगळे, आणि ॲपवरचे तारे म्हणजे कधी नुसते गिऱ्हाइकांनी दिलेले गुण असतात. मी अभिप्राय नव्यापासून जुन्याकडे लावून वाचते आणि गिऱ्हाइकांनी स्वतः काढलेले फोटो बघते. वास, ओल, खिडकी हे शब्द शोधायचे. या हॉटेलचे आत्ता पाहिले, गेल्या दोन महिन्यांत तिघांनी खिडकीबद्दल लिहिलंय.

मी: मी सरासरी गुण पाहून थांबले. आत्या, तू दुसरं कुठलंही हॉटेल घे, पण खोलीत शिरल्यावर बॅग आधी बाथरूमच्या फरशीवर ठेव. चादर काढून गादीच्या चारी कडा आणि पलंगाची डोक्याकडची फळी टॉर्चने बघ. मगच चप्पल काढ. आम्ही पहिल्या दहा मिनिटांत बघितलं असतं, तर सामान न सोडता तसेच बाहेर पडलो असतो.

आई: मला वाटलं, पैसे भरून झालेत, आता कशाला वाद घालायचा.

मी: आई, पुढच्या वेळी उठव मला.

आई: हो गं, उठवीन.

आत्या: मी रद्द केलं. आज रात्रीपर्यंत मुदत होती, पैसे परत येतील असा मेसेज आलाय. ताई, मी दुसऱ्या दोन जागा पाठवते, तू त्यांचे अभिप्राय वाचून सांग.