शेअरहोल्डरसाठी नफा वाढवणं डायरेक्टरवर कायद्यानं बंधनकारक असतं का?

शॉपफ्लोअर_चाकण:
नमस्कार मंडळी. चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्या दोन पॉवर प्रेसचे लाईट कर्टन दिवाळीपासून बायपास करून ठेवलेत, म्हणजे हात डायमध्ये असला तरी प्रेस खाली येते, आणि गेल्या महिन्यात कॉन्ट्रॅक्टवरच्या एका पोराची दोन बोटं गेली. परवा मीटिंगमध्ये विषय काढला तर डायरेक्टर साहेब म्हणाले, शेअरहोल्डरला नफा मिळवून देणं हे आमचं कायदेशीर कर्तव्य आहे, आत्ता खर्च नाही करता येणार. सगळे गप्प. असा कायदा खरंच आहे का हो?

सीएस_कोथरूड:
अजिबात नाही. कंपनी कायदा २०१३, कलम १६६ काढून वाचा. डायरेक्टरनं प्रामाणिकपणे सगळ्या सभासदांच्या फायद्यासाठी कंपनीची उद्दिष्टं पुढे न्यायची हे आहेच, पण त्याच वाक्यात पुढे कंपनी, तिचे कर्मचारी, शेअरहोल्डर, समाज यांचं हित आणि पर्यावरणाचं रक्षण असं सगळं एका दमात लिहिलंय, आणि कर्मचारी शेअरहोल्डरच्या आधी आलेत बघा. मोडलं तर १ ते ५ लाख दंड. माळढोक पक्ष्याच्या केसमध्ये २०२१ ला सुप्रीम कोर्टानं, हे पक्षी ज्यांना धडकून मरतात त्या विजेच्या तारांबद्दल बोलताना हेच कलम पुढे केलं होतं. आणि तुमच्या साहेबांना एवढंच सांगा की कारखान्याच्या कायद्यात कंपनीचा ‘ऑक्युपायर’ म्हणून डायरेक्टरलाच धरतात, त्यामुळे प्रेसच्या सेफ्टीची जबाबदारी त्यांच्याच गळ्यात येते.

बाणेर_एमबीए:
पण आम्हाला फोर्डची केस शिकवली होती, १९१९ ची, मिशिगनची. कंपनी मुळात शेअरहोल्डरच्या नफ्यासाठी असते असं कोर्टच म्हणालं ना?

सीएस_कोथरूड:
म्हणालं, आणि केस करणाऱ्या डॉज बंधूंना, म्हणजे फोर्डच्याच शेअरहोल्डरना, डिव्हिडंडही द्यायला लावला. पण फोर्डचा नवा कारखाना मात्र कोर्टानं थांबवला नाही, न्यायाधीश काही धंद्यातले तज्ज्ञ नाहीत म्हणून. म्हणजे पैसा कुठे लावायचा हे शेवटी मॅनेजमेंटच ठरवतं. कर्टन दुरुस्त केला म्हणून कुठला शेअरहोल्डर कोर्टात जाणारे आणि गेला तरी कोण ऐकणारे? साहेबांनी स्वतः घेतलेला निर्णय कायद्याच्या नावावर खपवलाय, याचा मला खरंच राग येतो.
एक मात्र खरं, १६६ घेऊन त्या पोराला थेट लढणं अवघड आहे, कलम २४५ ची क्लास ॲक्शन, म्हणजे अनेकांनी मिळून करायची केससुद्धा सभासद आणि ठेवीदारांनाच करता येते. त्याच्यासाठी फॅक्टरी इन्स्पेक्टर आणि अपघाताची भरपाई हाच रस्ता. तुम्ही साहेबांचं ते वाक्य मिनिट्समध्ये लिहून घ्या, लेखी द्या म्हटलं की भाषा बदलते.

शॉपफ्लोअर_चाकण:
मनापासून धन्यवाद. कर्टनचं कोटेशन जोडून आजच मेल टाकला, १६६ चा उल्लेख केलाय. दोन्ही प्रेसवर ‘वापरू नये’चा टॅग लावून आलोय, सेकंड शिफ्टच्या सुपरवायझरला सांगितलंय कोणी विचारलं तर माझं नाव सांग.