जळगाव-धुळ्याच्या उन्हात घरच्या गाडीला सीएनजी नकोच

तापीकाठ (जळगाव)
आमच्या गल्लीत अलीकडे आलेल्या बहुतेक नव्या गाड्या सीएनजीच्या आहेत. शोरूममध्ये गेलं की सेल्समन एकच आकडा पुढे करतो: वॅगनआर, किलोला ३४.०५ किलोमीटर. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि वाचलेले पैसे लोकांनी गॅसच्या टाकीत घातले. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर फिरणारा माणूस पेट्रोलपेक्षा नव्वद-पंचाण्णव हजार जास्त कशासाठी मोजतो?

आपल्याकडे घरच्या गाडीची परीक्षा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला होते. लेकींना माहेरी आणायचं, परत पोचवायचं, आणि पारा ४४-४५ वर. वॅगनआरचं एक लिटरचं इंजिन पेट्रोलवर ६७ पीएस (अश्वशक्ती) देतं, सीएनजीवर ५७. पाच माणसं आणि फुल्ल एसी घेऊन चाळीसगावहून कन्नड घाट चढायला लागा, हे दहा पीएस कुठे गेले ते लगेच कळतं. गाडी दुसऱ्या गिअरवरच रडते. मग कोणीतरी एसी बंद करतं आणि मागच्या म्हाताऱ्या माणसाला घाम फुटतो.

डिक्कीचं तर बोलायलाच नको. लेक परत निघते तेव्हा कुरडया-पापडांचे डबे, डाळीची गोणी, जमलं तर केळीची फणी असं सगळं बरोबर असतं. टाकीपुढे एक बॅग कशीबशी उभी राहते. आमच्या फुईंनी (आत्यांनी) डिक्की उघडून पाहिली आणि म्हणाल्या, "हाई काय, डिक्कीमा जागाच नही शे!" शेवटी डबे मांडीवर घेऊन बसल्या.

आणि गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं. नियम बरोबर आहे, सुरक्षेसाठी आहे. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता गुडघे दुखणाऱ्या बाईला पंपाच्या फरशीवर उभं करायचं, हे मला पटत नाही.

रोजचा प्रवासी (अमळनेर)
भाऊ, तुम्ही वर्षातल्या दोन-चार दिवसांसाठी गाडी घेताय. मी शाळेसाठी रोज धुळ्याला जातो, जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. हिशोब मांडतो. पेट्रोल शंभरीपार आहे. एसी लावून गावातलं-बाहेरचं मिळून गाडी १८ देत असेल तर किलोमीटरला पावणेसहा रुपये लागतात. गॅस किलोला नव्वदीच्या वर-खाली, मायलेज २६-२७, म्हणजे साडेतीनच्या आत. सव्वादोन रुपयेच वाचतात धरा. महिन्याला दीड हजार किलोमीटर म्हणजे सव्वातीन-साडेतीन हजार. जास्तीचे पैसे सव्वादोन-अडीच वर्षांत वसूल. त्यापुढची वर्षं पोराच्या क्लासची फी गाडीच भरते.

शिवाय पेट्रोल आता ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं पडणारच. हे तुमच्या बाजूच्या हिशोबात कोणी धरत नाही.

घाटाचं म्हणाल तर डॅशबोर्डवर बटण आहे. पायथ्याला दाबा, पेट्रोलवर चढा, वर गेल्यावर परत गॅस. एवढं केलं तर एसी बंद करायची वेळ येत नाही.

गॅरेजवाला (धुळे)
दोघांचं ऐकलं, आता गाड्या उघडून बघणाऱ्याचं ऐका. गॅस वायूरूपात इंजिनात जातो आणि हवेची जागा खातो, म्हणून ताकद कमी होते. हा काही बिघाड नाही. पण फक्त गॅसवरच पळवणारे पेट्रोल टाकी कायम रिझर्व्हला ठेवतात, ते चुकीचं. बहुतेक गाड्या पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जातात. शिवाय टाकीच्या आत पेट्रोल ओढणारा पंप असतो, तो त्या पेट्रोलनेच थंड राहतो. निम्मी टाकी तरी ठेवा.

उन्हाळ्यात गॅस कमी बसतो ही तक्रार खरी आहे. भरण्याचा दाब २०० बार, पण गॅस भरताना टाकी तापते, आणि तापलेल्या टाकीत त्याच दाबाला गॅस कमी मावतो. त्यात ज्या पंपावर पाइपलाइन नाही तिथे सिलिंडरांच्या गाडीतून गॅस येतो. ती गाडी रिकामी होत आली की प्रेशर पडतं आणि रांगेत शेवटी उभा असलेला अर्धी टाकी घेऊन जातो. सकाळी लवकर भरा. आणि दर तीन वर्षांनी गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करून घ्या. सेकंडहँड घेताना टाकीवरची तारखेची पट्टी न पाहता पैसे देणारे मी पाहिलेत. त्यांना हात जोडून सांगतो, असं करू नका.

सातपुडा पायथा (शहादा)
मी स्वतः गाडी चालवते आणि सासूबाई मागे बसतात. इथे सगळे इंजिनावरच भांडताय. वॅगनआरला मागे एसीची जाळी नाही. पुढच्या हवेने मागचं माणूस गार व्हायला दहा-पंधरा मिनिटं जातात, तेवढ्यात आमचं शेजारचं लोणखेडा येऊन जातं. पण तिची उंची आणि सरळ उघडणारं मोठं दार मला लाख मोलाचं वाटतं. सासूबाई वाकल्याशिवाय बसतात, हात न देता उतरतात. नातेवाइकांची सेडान आहे, तिच्यात बसताना त्यांना दोघांनी धरावं लागतं. म्हणून घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शोरूममध्ये न्या, मागच्या सीटवर बसवा, उतरवा, आणि मग इंधनाचं बोला.

आणि पेट्रोलचा हिशोब आमच्याकडे वेगळा आहे. गुजरातेत पेट्रोल स्वस्त पडतं. नंदुरबारकडचे लोक निझरला, नवापूरचे उच्छल-सोनगडला गेले की टाकी भरूनच परत येतात. आमच्यासाठी गॅसची बचत तितकी राहत नाही.

केळीबाग (रावेर)
माझी दहा वर्षांची डिझेल आहे आणि विकायचा विचार नाही. खताच्या गोण्या, पाइपाचे तुकडे, रात्री-अपरात्री दवाखाना, सगळं तिच्यावरच. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं, अजून वाटतं. मळ्याच्या कच्च्या रस्त्यावर भरलेली गाडी कमी आरपीएमला ओढायची असेल तर डिझेलला तोड नाही.

गॅरेजवाला (धुळे)
आप्पा, तुमची बीएस४ आहे, जुन्या प्रदूषण-नियमांची, म्हणून ठीक. नव्या बीएस६ डिझेलला डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, धुरातली काजळी तो अडवतो आणि गाडी लांब, एका वेगात पळाली की ती जाळून टाकतो. घर ते मळा, मळा ते बाजार एवढंच चाललं तर तो चोंदतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो. महिन्यातून दोनदा तरी हायवेवर अर्धा तास मोकळी पळवणार असाल तरच नवी डिझेल घ्या.

तापीकाठ (जळगाव)
अमळनेरच्या सरांना, तुमचा हिशोब तुमच्यापुरता चोख आहे. पण माझं म्हणणं वर्षाला पाच-सहा हजार चालवणाऱ्यांबद्दल होतं. त्याच सव्वादोन रुपयांनी गुणा, जास्तीचे पैसे फिटायला सात-आठ वर्षं लागतात. तोवर डिक्की गेलेली, घाटात ताकद गेलेली आणि पंपावर रांग. बटणाचं म्हणाल, तर ज्याने पैसे वाचवायला गॅस घेतला तो घाटातही बटण दाबत नाही, गाडी गचके देईपर्यंत ओढतो. रोज बघतो मी.

रोजचा प्रवासी (अमळनेर)
डिक्कीचा मुद्दा आता जुना झाला, भाऊ. टाटांनी २०२३ मध्ये अल्ट्रोझला एका मोठ्या टाकीऐवजी ३०-३० लिटरच्या दोन टाक्या डिक्कीच्या तळाशी दिल्या, नंतर ह्युंदाईनेही तसं केलं. वर सपाट जागा मिळते, गोणी आडवी राहते. इंजिनही १.२ चं. तुमचे दोन मोठे आक्षेप तिथेच कमी होतात. राहिली पंपावरची रांग, ती मी मान्य करतो. गावाला जायच्या आदल्या संध्याकाळी एकट्याने जाऊन टाकी भरून आणायची, म्हणजे फुईंना उन्हात उतरावं लागणार नाही.

तापीकाठ (जळगाव)
दोन टाक्यांची गाडी मी पाहिली आहे, डिक्की खरंच कामाची आहे. पण स्टेपनी कुठे गेली ते विचारा. गाडीच्या पोटाखाली. भर उन्हात पंक्चर झालं तर तापलेल्या डांबरावर झोपून काढायची. आणि एक टाकी भरून नाशिकला जाऊन परत येता येतं का, तेही सांगा. पाच माणसं, एसी चालू, मे महिना. कंपनीचा आकडा नको, तुमच्या गाडीचा सांगा.

रोजचा प्रवासी (अमळनेर)
परत येता येत नाही. परतताना नाशिकलाच भरतो, किंवा पेट्रोलवर येतो. गॅसची आणि पेट्रोलची, टाक्या दोन्ही आहेत, अडकून कुठे पडत नाही.