विषय: डिसेंबरात आई-बाबांना समुद्र दाखवायचाय, शांत आणि उबदार किनारा सुचवा (तिकिटाची घाई)

प्रेषक: दर्यापूरकर

मंडळी,

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे माझ्या हातात जेमतेम तीन दिवस आहेत. मी सध्या गावीच आहे. मागच्या वर्षीचं गोव्याचं सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा गोवा कोणी सुचवू नका. रात्री दोनपर्यंत शेजारच्या गाण्यांनी खिडकीच्या काचा हादरत होत्या. सकाळी किनाऱ्यावर गेलो तर कोरड्या वाळूत आईचे पाय रुतायला लागले. निम्म्यातून परतली. समुद्र पाहिला तो टॅक्सीच्या काचेतून. बाबा तर आलेच नव्हते, वेचणी चालू होती.

यंदा दोघांनाही न्यायचंय. आईचे गुडघे थंडीत धरतात. डिसेंबर-जानेवारीत गावात पहाटे पारा ८-१० पर्यंत उतरतो आणि ती चुलीपाशी बसून असते, दहा वाजेपर्यंत उठता येत नाही. म्हणून ऊब हवी, शांतता हवी. आणि मुख्य म्हणजे खोलीपासून पाण्यापर्यंत तिला स्वतःच्या पायांनी जाता आलं पाहिजे. हीच खरी अडचण आहे. दोघं माळकरी, त्यामुळे जेवणाचंही बघायचंय. गाडी मध्ये बदलावी लागू नये.

कापसाचा दुसरा वेचा दत्तजयंतीपर्यंत आटोपतो. तूर सोंगायला नंतर वेळ आहे, आणि आमच्या खारपाणात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात, हरभऱ्याला पाणी द्यायचं नसतंच. त्या मधल्या आठ दिवसांतलं सांगा.

— — —

प्रेषक: वरुडवाले काका

बाप्पा, पुरीले घेऊन जा. अहमदाबाद-पुरी अकोल्याहून थेट मिळते, नागपूर, गोंदिया, रायपूर करत जाते. कुठं उतरणं नाही, चढणं नाही. माळकरी माणसं हाएत, जगन्नाथाचं दर्शन होईल, महाप्रसाद मिळेल, अन् समुद्र देवळापासून कितीसा दूर हाय? मी तुझ्या काकूले घेऊन गेलो होतो. ती पहिल्यांदा समुद्रापुढे उभी राह्यली अन् पाच मिनिटं बोललीच नाही. मग म्हणे, "एवढं पानी, अन् आपल्या वावरात काहून नाही?" मले आजही आठवते.

सध्या संत्र्याच्या आंब्या बहाराची तोडणी चालू हाय, संध्याकाळनंतरच उत्तर देईन.

— — —

प्रेषक: मालवणच्या वहिनी

काकांचा मान राखून सांगते, पण किनाऱ्याच्या बाबतीत मला बोलू द्या. माझं माहेर मालवण, सासर अकोट, दोन्हीकडची माणसं मला कळतात.

पुरीचा समुद्र अंगावर येणारा आहे. लाटा किनाऱ्याशीच फुटतात आणि पायाखालची वाळू ओढून नेतात. तिथे नुलिया लोक हात धरून माणसांना आंघोळ घालतात ते उगाच नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला तिथे घोटाभर पाण्यातही धास्तीच वाटणार. शिवाय गर्दी. दर्शनाला पुरी जरूर करा, पण ती वेगळी यात्रा झाली.

यांना दक्षिण कोकणात घेऊन जा. डिसेंबरात दिवसा ३०-३२ अंश, रात्री १८-२०. पाणी २७-२८ अंशांचं, म्हणजे पाय घातला तर कोमटच लागतं. जमीन झटकन निवते, समुद्र निवायला वेळ घेतो, म्हणून किनाऱ्यावर तुमच्या गावासारखी बोचरी पहाट नसते. तारकर्ली-देवबाग माझ्या माहेरच्या दाराशी आहे, तरी तिथे पाठवणार नाही. पाण्यावरच्या स्कूटरचा आवाज दिवसभर चालतो. वेंगुर्ल्याच्या खाली शिरोडा बघा. वेळागरचा किनारा, मागे सुरूची झाडं, आणि नाताळच्या आधी गेलात तर सकाळी तुम्ही आणि कोळी एवढेच.

आता वाळूचं. दर्यापूरकर, मागच्या वर्षी चूक किनाऱ्याची नव्हती, वेळेची होती. भरतीच्या वेळी गेलं की चालायला फक्त वरची कोरडी, भुसभुशीत वाळू उरते. निरोगी माणसाचीही पोटरी तिथे भरून येते. ओहोटीला पाणी मागे जातं आणि खाली ओली, दाबलेली, शेणानं सारवलेल्या अंगणासारखी वाळू उघडी पडते. तिच्यावर आई काठी न घेता चालतील.

भरती काढायला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि त्याआधी सहा तास, सकाळी नऊला, पूर्ण ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण माझ्या आजोबांची होडी याच हिशेबावर सुटायची. दत्तजयंतीची पौर्णिमा संपली की वद्य चतुर्थीपासून सप्तमीपर्यंत ओहोटी सकाळी नऊ ते सव्वाअकराच्या मध्ये मिळते. आईंचे गुडघे दहाला सुटतात म्हणालात ना? मग याहून चांगले दिवस नाहीत. अष्टमीनंतर ओहोटी भर दुपारच्या उन्हात जाते.

— — —

प्रेषक: चिटणीस

एक विनंती. प्रवासाचे प्रश्न सहल समितीच्या ईमेल-यादीवर पाठवावेत असं मार्चच्या बैठकीत ठरलं होतं. ही यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. संक्रांतीच्या सभागृहाचं अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. कृपया आज कळवा, अनामत भरायची आहे.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. इंग्लंडात लीड्सच्या दोन-तीन कुटुंबांचं डिसेंबरात स्पेनच्या टेनेरिफे बेटाचं जमतंय. दक्षिण भागात दिवसा २० च्या वर असतं आणि किनाऱ्यालगत फरसबंद वाट आहे, तिच्यावर चाकाची खुर्चीसुद्धा जाते. पुढच्या वर्षी दर्यापूरकरांच्या आई-बाबांना व्हिसा मिळाला तर हाही विचार व्हावा.

— — —

प्रेषक: मालवणच्या वहिनी

चिटणीस, सभागृहाचं मी कालच फोनवर सांगितलं, हो म्हणून. टेनेरिफेचं पाणी डिसेंबरात २० च्या आसपास असतं. वरून ऊन असलं तरी त्यात पाय घातले की गुडघे आणखी धरतील.

— — —

प्रेषक: परतवाड्याची ताई

जेवणाचं कोणीच बोललं नाही. कोकणात भाकरी मिळते ती तांदळाची. माझ्या सासूबाईंना चार दिवस तांदूळ-तांदूळ झाला आणि पाचव्या दिवशी त्यांनी ताट सरकवलं. ज्वारीचं पीठ घरून न्या, पाच किलो तरी. घरगुती निवास असेल तर तिथल्या ताईंना सांगायचं, मी माझी भाकर माझी टाकून घेते. कोणी नाही म्हणत नाही. उलट शिकून घेतात.

आणि फोनवर "शाकाहारी" एवढंच सांगून थांबू नका. "माळकरी आहेत, मासळीचा तवा नको" असं स्पष्ट सांगा. डाळीची आमटी, काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या, सोलकढी, सगळं मनापासून करतात ती माणसं.

— — —

प्रेषक: वरुडवाले काका

ताई, पीठ नको नेऊ देऊस! समुद्राच्या दमट हवेत ज्वारीचं पीठ चार दिवसांत कडवट होते अन् भाकर थापताना कडेनं फाटते. दाणे न्यायचे. तिथं गिरणी असते.

— — —

प्रेषक: परतवाड्याची ताई

काका, तिथल्या गिरणीवर दिवसभर तांदूळ दळला जातो, दोन किलो ज्वारीसाठी कोण जातं बदलणार? पीठ ताजं दळून स्टीलच्या डब्यात घट्ट भरायचं, आणि उकळत्या पाण्यानं मळायचं. उकड घेतली की जुनं पीठही फाटत नाही. मी अकरा वर्षं परदेशात जुन्याच पिठाच्या भाकरी थापतेय.

— — —

प्रेषक: मूर्तिजापूरवाला

गाडीचं मी सांगतो. नागपूर-मडगाव विशेष गाडी आठवड्यातून दोनदा आहे. बडनेरा आणि अकोल्याला थांबते, पनवेलवरून कोकणात उतरते. मुदत वाढवत वाढवत चालवतात, म्हणून तुमच्या तारखेला आहे का ते आधी पाहा. अकोल्याला संध्याकाळी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कुडाळला उतरायचं. पुढे वेंगुर्ल्यावरून शिरोडा, मोटारीनं तास-दीड तास.

महत्त्वाचं: आई-बाबांचं तिकीट वेगळं काढ, तुझं वेगळं. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच ज्येष्ठ असले तरच लागतो. तिसरं नाव घातलं की गेला. आम्ही चौघांचं एकत्र काढलं आणि माझ्या वडिलांना ७१ व्या वर्षी मधल्या बर्थवर चढवावं लागलं. रात्रभर मला झोप नाही. ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंदच आहे, पण खालचा बर्थ तरी हक्कानं घ्या.

आपली छोटी रेल्वे शकुंतला बंद पडल्यापासून तुमच्या गावाहून अकोल्यापर्यंत जाणंच जिकिरीचं झालंय, त्याची गाडी आधी सांगून ठेव.

— — —

प्रेषक: दर्यापूरकर

काल रात्री हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. बाहेर खाटेवर बसले होते. पुरीचं ऐकलं, मान हलवली. तिथीचा हिशेब आला तसे उठून बसले. भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणायला लावलं आणि बोटांवर पाऊणपट मोजत बसले. चतुर्थी, पंचमी, षष्ठी. मग म्हणाले, "म्हणजे समुद्रालेही तिथी पाळावी लागते." तेवढ्यावरून त्यांचा समुद्रावर विश्वास बसला असं मला वाटतं.

पण नंतर जे म्हणाले ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमची विहीर खारी आहे हे तुम्हाला माहीत आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला, बुलढाणा तिन्ही जिल्ह्यांत हेच. लहानपणी चहा फाटायचा, डाळ शिजायची नाही, आई दीड कोसावरून गोडं पाणी आणायची. तिचे गुडघे त्या हंड्यांनी गेले आहेत, थंडीनं नाही. बाबा म्हणाले, "जल्मभर खारं पानी पेलो, आता ते जिथलं हाय तिथं जाऊन पाहू दे." त्या पाण्याचा समुद्राशी काय संबंध, असं मला त्यांना विचारवलं नाही.

मग त्यांनी अकोला जिल्ह्यातल्या दहीहांडा गावाची गोष्ट काढली. १९३० साली देशभर समुद्रावर मीठ काढत होते, तेव्हा आपल्याकडे समुद्र नाही म्हणून दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरीचं पाणी आटवून मीठ केलं. आजोबा सांगायचे. बाबांना ते अजून तोंडपाठ आहे.

— — —

प्रेषक: मालवणच्या वहिनी

दर्यापूरकर, हे वाचून मी हातातलं काम टाकून लिहायला बसले. बाबांना सांगा, १९३० चा मिठाचा सत्याग्रह शिरोड्यालाही झाला. तिथली मिठागरं प्रसिद्ध होती. मी शिरोडा सुचवला तो केवळ शांत आहे म्हणून. दहीहांड्याचं मला अकोटात वीस वर्षं काढून कोणी सांगितलं नव्हतं, याचं वाईट वाटतंय.

मीठ तयार होताना पाहायचं तर उन्हाळ्याकडे जायला हवं. डिसेंबरात बांधबंदिस्तीचीच कामं दिसली तर दिसतील. तरी त्यांना मिठागराच्या बांधावर नेऊन उभं करा. शेतकऱ्याला वाफे ओळखायला वेळ लागत नाही. भरतीचं पाणी चरातून आत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हानं आटवतात आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. तुमच्या ओलिताचीच रीत, फक्त पिकाऐवजी मीठ.

आईंसाठी शेजारी आरवलीचा वेतोबा आहे. त्याला नवसाचे भलेमोठे चामडी जोडे वाहतात. देव रात्री गावाभोवती फिरतो आणि जोडे झिजतात, असं लोक मानतात. आणि रेडीचा गणपती, १९७६ साली खाणीत सापडलेला. दोन्ही ठिकाणी मोटार जवळपर्यंत जाते.

एक जपा. खोली "समुद्रदर्शन" म्हणून वरच्या मजल्यावर देतात. तळमजलाच मागा. आणि सुरूच्या बनातून वाळूवर उतरताना पायऱ्या आहेत की नुसता उतार, ते फोनवर विचारून घ्या. बाकी सगळं चांगलं असून चार पायऱ्यांपाशी अडायला नको.

— — —

प्रेषक: वरुडवाले काका

दहीहांडा मले माहीत होतं. माझे मामेसासरे तिकडचेच. जाऊ द्या शिरोड्याले, पुरी नंतर कधी. पोरा, जाताना दोन पेट्या संत्रा घेऊन जा माझ्याकडून. तिथल्या माणसांले दे. रिकाम्या हातानं कोणाच्या घरी उतरू नये.

— — —

प्रेषक: दर्यापूरकर

तिकिटं झाली. आई-बाबांना दोन्ही बर्थ खालचे मिळाले, माझा त्याच डब्यात वरचा. द्वितीयेला निघतोय, चतुर्थीच्या सकाळी पहिली ओहोटी. तळमजल्याची खोली मिळाली. पायऱ्या नाहीत, उतार आहे, बाजूला नारळाचं खोड आडवं टाकलंय, त्याला धरून उतरता येतं, असं त्या ताईंनी सांगितलं. मासळीचा तवा वेगळा ठेवतील. उकळत्या पाण्याची भाकरी त्यांनाही शिकायचीय.

परतवाड्याची ताई, आई पीठ म्हणते, बाबा दाणे म्हणतात. शेवटी दोन्ही बांधलंय.

बाबांनी एक रिकामी बाटली धुऊन वाळत घातली आहे. समुद्राचं पाणी आणून विहिरीच्या पाण्याशेजारी ठेवून दोन्हींची चव बघणार आहेत.

काका, संत्र्याच्या पेट्या अकोल्याला स्टेशनवर कोणाकडून घेऊ?