भोगीच्या भाजीत घरचं काय काय घालता येईल?

गच्ची_वारजे:
नमस्कार मंडळी, ऑक्टोबर हीट एकदाची सरली, चारेक दिवस झाले पहाटे पंखा बंद करून गोधडी ओढावी लागतीये. काल गच्चीवरची पहिली मेथी खुडली, जेमतेम दोन मुठी, पण लसणाच्या फोडणीत टाकल्यावर जो वास सुटला ना तो विकतच्या जुडीला कधीच येत नाही. मुगाची डाळ घालून परतली, सोबत गरम भाकरी. सासूबाई दोन घास खाऊन म्हणाल्या, माहेरच्या मळ्यातली मेथी आठवली. तेव्हापासून डोक्यात बसलंय की यंदा भोगीच्या भाजीत निदान तीन-चार जिन्नस घरचे हवेत. हातात ७० दिवस आहेत, ऊन पाच-सहा तास येतं, १२ इंची आठ कुंड्या आणि दोन क्रेट रिकामे आहेत. गाजर, वांगं, हरभरा यातलं काय जमेल? आणि जूनमध्ये लावलेला पावटा पार ग्रिलवर चढलाय पण एक फूल नाही, तो काढून जागा मोकळी करू का?

खुरपं_हाती:
ताई वेल अजिबात काढू नका!! गावठी पावटा दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलतच नाही, पावसाळाभर नुसता पाला वाढवतो आणि लोक नेमके आत्ताच कंटाळून उपटतात, मी पण पहिल्या वर्षी उपटला होता आणि शेजारच्यांचा डिसेंबरात शेंगांनी लगडलेला बघून फार हळहळ वाटली. आता शेणखत थांबवा, पाणीही जरा हात राखून. तुरे आले की मावा येणार, आधी सकाळी पाण्याचा जोरात फवारा मारा, नाहीच गेला तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण, पण संध्याकाळीच, उन्हात मारलं की पानं करपतात.
गाजर आजच पेरा. माती चाळून घ्या, खडा लागला की गाजराला फाटे फुटतात, रोप काढून दुसरीकडे लावायचं नाही. भोगीला बोटाएवढी येतील, भाजीला तेवढी पुरे. वांग्याचं बी नको, नर्सरीतून मोठं रोपच आणा.

सदाशिवपेठी:
हरभऱ्याचे घाटे भोगीपर्यंत भरणार नाहीत, ते मंडईतूनच आणावे लागतील. पण पाला मिळेल की! घरातले गावरान हरभरे रात्रभर भिजवा, क्रेटमध्ये दाट पेरा, महिन्याभरात शेंडे खुडा, खुडले की आणखी फुटवे येतात. पानांवर आंब असते, त्या आंबटपणातच सगळी चव, म्हणून पाला धुवायचा नाही, आणि न धुता खायची हिंमत फक्त घरच्या पाल्याचीच होते. लसूण-मिरचीची फोडणी, वरून ज्वारीच्या पिठाचा हात.
आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता, सकाळच्या आंघोळी उरकल्या की आई त्याच्या निखाऱ्यात वांगं सरकवायची, शाळेतून येईपर्यंत भरीत तयार आणि वर ओल्या लसणाची पात. बंब गेला, पण गच्चीत कोळशाची शेगडी मी अजून पेटवतो, थंडीतलं भरीत गॅसवर भाजलेलं मला गोड लागत नाही. राख गार झाली की चिमूटभर कुंड्यांना.

मेथीचा_लाडू:
लसूण राहिला की! पाकळ्या टोक वर करून खोचा, तीन आठवड्यांत पात येते. भोगीच्या तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा आणि ओल्या लसणाची चटणी, दुसरं काही नको.

गच्ची_वारजे:
सगळ्यांचे मनापासून आभार, आत्ता टॉर्च घेऊन वर जाऊन आले, पावट्याच्या दोन शेंड्यांवर बारीक कळ्यांचे तुरे दिसतायत!! सासूबाईंना पण वर घेऊन गेले, त्या तिथेच उभ्या राहून बघत होत्या. हरभरे भिजत घातलेत. बाजरीचं पीठ आधीच आणून ठेवलं तर चालेल का?

मेथीचा_लाडू:
नको नको, बाजरीचं पीठ थोड्याच दिवसात कडू होतं. बाजरी आणून ठेवा, दळण आदल्या दिवशी.